चार काड्या

करंजदऱ्याच्या माणसाला फोन करायचा असला की तो आधी चपला शोधतो, असं पाथर्डीच्या बाजारात लोक चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा करणाऱ्याच्या बापाचं काय जातंय? करंजदरा म्हणजे तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला खिंड. मोबाईलची रेंज त्या खिंडीच्या तोंडापर्यंत यायची आणि तिथूनच माघारी फिरायची. गावाच्या डोक्यावर म्हसोबाची टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर एक सपाट धोंडा. त्याला लहानथोर सगळे फोनचा धोंडा म्हणायचे. त्याच्यावर उभं राहून तोंड तिसगावच्या अंगाला केलं की फोनवर दोन काड्या उमटायच्या. तरण्या गड्याला चढायला वीस मिनिटं लागायची आणि चांगुणाला अर्धा तास. हा अर्धा तास तिला घड्याळ न बघता कळायचा.

चांगुणा गावची आशाताई. वय पन्नाशीच्या पुढं, जीभ तिखट, हात मऊ. दवाखान्याची गाडी वेळेत न पोचल्यामुळं कितीतरी पोरं तिच्याच हातावर जन्माला आलेली. त्यातली दोन-चार तर निळी पडून आली होती. तिनं त्यांची तोंडं पुसली, पाठी चोळल्या आणि त्यांना रडायला लावलं. आता ती पोरं शाळेत जातात आणि वाटेत भेटली की तिला चिडवतात. तिला ते आवडायचं, पण तसं दाखवील ती चांगुणा कसली.

तीन वर्षांपूर्वी माघाच्या महिन्यात तिच्या नवऱ्याच्या, गहिनीनाथच्या, छातीत कळ आली. भरदुपार होती. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव ऊसतोडीला जातं, कुणी कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. मागं उरतात ती गुडघे गेलेली आणि डोळे गेलेली माणसं. लेक कल्याण नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. टेकडी चढू शकणारं माणूस गावात एकच होतं, चांगुणा. तिनं नवऱ्याच्या डोक्याखाली उशी सरकवली, आलेच म्हणाली आणि चढायला लागली. एकशे आठला फोन लागला, त्यांनी गावाचं नाव तीनदा विचारलं, तिनं तीनदा सांगितलं. खाली येऊन बघते तर गहिनीनाथ बाजेवरून खाली आलेला, हात माठाकडं गेलेला आणि तांब्या आडवा पडलेला. डॉक्टर नंतर म्हणाले की झटकाच मोठा होता, तुम्ही शेजारी बसून असता तरी काही झालं नसतं. ती म्हणाली, पाणी तर पाजलं असतं.

तेव्हापासून ती टॉवरच्या मागं लागली. हात धुऊन लागली. ग्रामसभेचे ठराव झाले, तहसीलच्या पायऱ्या झाल्या, नगरच्या ऑफिसातल्या शिपायाच्या लेकीचं नाव पाठ होईस्तोवर चकरा झाल्या. कुणी विचारलं की बाई तुला एवढा टॉवर कशाला, तर ती एकच सांगायची, मी पुन्हा वर असताना खाली कुणी जायला नको. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. एवढ्या एका वाक्यासाठी तिनं किती अर्ज केले ते त्या म्हसोबालाच ठाऊक.

आणि देवाला लाज वाटली असावी, कारण यंदा गावाचं नाव यादीत आलं. जिथं घरात अजिबात रेंज नाही अशी गावं सरकार निवडणार होतं आणि त्यांना टॉवर देणार होतं. मार्गशीर्षात एक माणूस यंत्र घेऊन येईल, गावातल्या पाच घरांत रेंज मोजेल, आणि पाचही घरं कोरडी निघाली तर गावाचा टॉवर पक्का. पत्र आलं त्या दिवशी चांगुणानं शेजारच्या पुंजारामला आणि त्याच्या रंगुबाईला गूळ वाटला. पुंजारामला साखरेचा त्रास होता, तरी तो दोन खडे घेऊन गेला.

मेख एकच होती, आणि ती चांगुणाच्याच घरावर उभी होती. सून रुपालीला दिवस गेले तसा कल्याणच्या जिवाला घोर लागला. बाप कसा गेला ते त्यानं बघितलं होतं. पावसाळ्यात त्यानं कुठून तरी एक अँटेना आणली. ॲल्युमिनियमची, माशाच्या काट्यासारखी लांब. पत्र्याच्या वर वीस फुटी पाइप उभा करून त्यानं ती बांधली. तिथून काळी वायर घरातल्या पेटीत आणि पेटीतून एका पांढऱ्या पट्टीत. बाहेरचा काटा खिंडीतून सांडणारी थेंबभर रेंज गोळा करायचा, पेटी ती वाढवायची आणि पट्टी ती घरात सोडायची. दोन रविवार कल्याण पत्र्यावर चढून पाइप बोटबोटभर फिरवत होता आणि खालून रुपाली काड्या मोजून ओरडत होती. एक, एक, काहीच नाही, दोन, एक. दुसऱ्या रविवारी उन्हं कलताना ती ओरडली, चार. पोरगी पोटुशी असून नाचायची तेवढी बाकी राहिली होती.

तेव्हापासून संध्याकाळी चांगुणाची ओसरी भरायला लागली. रंगुबाईचा अजिनाथ आणि त्याची बायको पंकजा कर्नाटकात ऊस तोडायचे. रंगुबाई पट्टीखाली बसून लेकाशी अशी बोलायची जशी काही तो पलीकडच्या वावरात आहे. लाइट असली तर. लाइट गेली की पेटी मुकी, पट्टी मुकी, आणि पुन्हा फोनचा धोंडा. म्हणून टॉवर लागतच होता. कल्याणनं सांगून ठेवलं होतं की मोजणारा माणूस येईल त्या दिवशी पेटीची पिन काढून ठेव, नाहीतर आपलं घर ओलं निघेल आणि गाव बुडेल.

ही काही लबाडी नव्हती. ती रेंज सरकारची नव्हतीच, कल्याणच्या पाइपाची होती. चांगुणा घरोघर फिरली. करंजदऱ्याच्या माणसाची खोड तिला माहीत होती. घरात पीठ नसलं तरी पाहुण्याला सांगायचं, आत्ताच जेवण झालं बघा. काही कमी आहे असं दाखवायचं नाही, मरण आलं तरी चालेल. पुंजाराम तर त्यात पटाईत. बाहेरचा माणूस दिसला की आमच्याकडं सगळं हाय म्हणून छाती काढायचा. त्याला तिनं शाळेतल्या पोरासारखं तीन दिवस घोकून घेतलं. विचारलं तर काय म्हणायचं? रेंज न्हाई. आणि अँटेनाचं? गप बसायचं. या खेपेला गावाची लाज झाकायची नाही, उघडी करून दाखवायची, असं तिनं सगळ्यांना बजावलं. सगळ्यांनी ऐकलं. म्हातारी माणसं, पण एकजात शहाण्यासारखी वागली, हे पुढं लक्षात ठेवायला हवं.

मोजणारा आला तो संगमनेरकडचा ओंकार नावाचा पोरगेला इंजिनिअर. मोटारसायकल, पाठीवर सॅक, सॅकमध्ये चार-पाच फोन आणि एक यंत्र. घरात यंत्र ठेवायचं, पंधरा मिनिटं गप बसायचं, उठायचं, पुढचं घर. पहिली चार घरं कोरडी ठणठणीत निघाली. पुंजारामनं तोंड एवढं घट्ट मिटलं होतं की ओंकारनं त्याला दात दुखतोय का म्हणून विचारलं. पाचवं घर यादीतच ठरलेलं होतं, अर्जदाराचं. म्हणजे चांगुणाचं. पेटीची पिन सकाळीच काढून ठेवलेली होती.

ओंकारनं यंत्र बाजेवर ठेवलं आणि तो खाली घोंगडीवर बसला. पण पोराचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दर घडीला स्वतःचा फोन खिशातून काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. चहा समोर गार झाला. चांगुणानं चार वेळा बघितलं आणि पाचव्या वेळी विचारलं. तेव्हा बांध फुटल्यासारखा बोलला. खिंडीच्या अलीकडं, रेंज जाता जाता, भावाचा मेसेज आला होता. आईला सकाळी दवाखान्यात नेलं, हृदयाचं मोठं ऑपरेशन, बाराला आत घेणार, ती सारखं तुझं नाव घेतेय, फोन कर. फोन करायला थांबला तोवर रेंज गेली. मागं जावं तर आजच्या आज अजून दोन गावं करायची होती, नाहीतर ठेकेदार काम काढून घेणार. आता पावणेबारा झाले होते. फोन कुठून लागतो, त्यानं विचारलं. चांगुणानं दारातून टेकडी दाखवली. त्यानं टेकडीकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि मान खाली घातली. मागितलं असतं तर तिनं कदाचित नाही म्हटलं असतं, पण त्यानं काही मागितलंच नाही.

चांगुणाला माठ दिसला. आडवा पडलेला तांब्या दिसला. तिकडं कुठल्यातरी दवाखान्यात एक बाई पोराचं नाव घेत आत चालली होती आणि इथं तिच्या दारात त्या बाईचं पोर तोंडावर हात घेऊन बसलं होतं. त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर पांढरी पट्टी होती.

"रुपाली, पिन लाव," ती म्हणाली.

रुपाली चुलीपासून उठली, पण पेटीकडं गेली नाही. सहावा महिना चालू होता तिला. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, मशीन चालू हाय."

चांगुणानं ओंकारला विचारलं की हे तुमचं यंत्र थोडा वेळ बंद राहील का. तो म्हणाला, बंद केलं तर पाचही घरं पहिल्यापासून करावी लागतात. मग तिनं त्याला पट्टी दाखवून अँटेनाचं सांगितलं. त्याचे डोळे असे झाले की कुणालाही बघवले नसते. तो म्हणाला, मावशी, तेवढी पाच मिनिटं मी नंतर काढून टाकीन, वर सांगीन की घरात अँटेना चालू होती, ते धरू नका. आईची शपथ. त्या घडीला तो खोटं बोलत नव्हता. माणूस त्या घडीला खोटं बोलत नाही, ते नंतर आपोआप होतं.

रुपाली तरी जागची हलेना. तशी चांगुणा भडकली. "दारात आलेल्याची आई हाय ती," म्हणाली, "यंत्र काय तिला वळखतं?" आणि तिनं स्वतःच जाऊन पिन लावली.

चार काड्या उमटल्या. ओंकारचा फोन लगेच लागला. घाईत त्याच्याकडून स्पीकर दाबला गेला आणि एका म्हाताऱ्या बाईचा दमलेला आवाज घरभर झाला. तिनं काय विचारावं? जेवलास का रे, एवढंच. तो व्हय व्हय करत राहिला. मग कुणीतरी म्हणालं की आता न्यायचंय, आणि फोन बंद झाला. चांगुणा भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिला त्या दोन मिनिटांत असं वाटलं की गहिनीनाथला कुणीतरी पाणी पाजलं. खरंच वाटलं. आपण फार मोठं पुण्य केलं असं वाटून ती त्या पोराला म्हणाली, जा बाबा, ती गावं राहू देत, आईपाशी जा. रुमालात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. त्यानं यंत्र सॅकमध्ये कोंबलं, तिच्या पायाला हात लावला आणि गाडीला किक मारली. ती धूळ खाली बसेपर्यंत दारात उभी होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. करंजदरा गावात मोबाईल सिग्नल उपलब्ध असल्यानं गाव यादीतून वगळण्यात येत आहे.

चांगुणा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नगरला गेली. साहेब भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली. अशा ठिकाणी एखादा तरी कडू माणूस भेटावा, म्हणजे त्याला शिव्या तरी घालता येतात. पण ते नशीब तिचं नव्हतं. साहेबानं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं फिरवला. घर क्रमांक पाच, चांगुणा गहिनीनाथ पालवे, वेळ अकरा पन्नास, घरात सिग्नल उत्तम. चार घरं कोरडी आहेत ते मान्य, तो म्हणाला, पण नियम असा आहे की एका घरात मिळाला तर गावात मिळतो. आणि बाई, घर तर तुमचंच आहे. सोबत काही शेरा आहे का, तिनं विचारलं, त्या पोरानं काही लिहिलं असेल. साहेबानं खालीवर करून बघितलं. शेऱ्याचा रकाना कोरा होता.

मग तिनं सगळं खरं सांगितलं. अँटेना, पाइप, पेटी, ओंकारची आई, सगळं. चांगुणाला खोटं कधी नीट जमलंच नाही. साहेब ऐकत गेला, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला. अशी पेटी लावायला परवानगी लागते, तुमच्याकडं आहे का, त्यानं विचारलं. परवानगी कुठली? असल्या पेट्यांनी दूरच्या टॉवरला त्रास होतो, दुसऱ्यांचे फोन तुटतात, त्यानं समजावून सांगितलं. चिडला नाही. आता आपल्याला कळलं म्हटल्यावर नोंद घ्यावीच लागेल, असं मात्र म्हणाला. म्हणजे बघा कसं असतं ते. पेटी आहे म्हणून सिग्नल आहे, सिग्नल आहे म्हणून टॉवर नको, आणि पेटी बेकायदा आहे म्हणून ती पण काढा. पेटी काढल्यावर गाव पुन्हा कोरडं होईल, मग टॉवर द्याल का, तिनं विचारलं. तर पुढच्या यादीत अर्ज करा म्हणाला. ही यादी यायला तीन वर्षं लागली होती.

आठ दिवसांनी दोन माणसं आली. त्यांनी अँटेना खाली उतरवली, पेटी आणि पट्टी पिशवीत घातली, चांगुणाची सही घेतली. जाताना तिनं त्यांना चहा पाजला. खोड ती, जळल्याशिवाय जात नाही. रविवारी कल्याण आला. रिकाम्या पाइपाकडं त्यानं एकदा बघितलं आणि उरलेली काळी वायर गुंडाळून माळ्यावर टाकली. आईला एका शब्दानं बोलला नाही. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती कसर गावानं भरून काढली. रंगुबाईला आता लेकाचा आवाज ऐकायचा तर टेकडी चढायला हवी होती, आणि गुडघ्यांनी तर ओसरीची पायरी चढवत नव्हती. ती चांगुणाच्या दारावरून जाताना तोंड फिरवायला लागली. पुंजारामनं पाणवठ्यावर चारचौघांत सुनावलं, "आमाला तोंडं शिवायला लावली, आन हिनं पाहुन्याला सिग्नल वाढला." चांगुणा घागर अर्धीच भरून माघारी फिरली. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

रुपालीला आठवा सरत आला होता. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण तिचे आईबाप कोयता घेऊन बेळगावकडं गेलेले, माहेरच्या घराला कुलूप. तेव्हा असं ठरलं होतं की नववा लागला की तिला पाथर्डीला नेऊन ठेवायचं, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर कल्याणच्या मित्राची खोली होती. पिशवी भरून तयार होती. रविवारी कल्याण येणार आणि घेऊन जाणार. गुरुवारी सकाळी, भांडी घासता घासता, रुपालीच्या पायांवरून पाणी गेलं.

चांगुणानं तपासलं. दिवस कमी होते, पण कळा अजून लांब होत्या. पहिलटकरीण, तिला वेळ लागणार. गाडी पाथर्डीहून निघाली तर यायला तास, तिला घेऊन जायला तास. म्हणजे आत्ता फोन केला तरच जमेल. तिनं शेजारी रंगुबाईला हाक मारली. राग बाजूला ठेवून रंगुबाई भिंत धरत धरत आली, तेवढी माणुसकी होती तिच्यात. पण डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरते. चांगुणानं तिला सांगितलं की तसं काही व्हायचं नाही, पण झालंच तर पोराचं नाक-तोंड पूस, रडलं नाही तर पाठ चोळ, चोळतच राहा, सोडू नको. आपली आशाची पिशवी तिनं रुपालीच्या उशाशी ठेवली. आत सगळं होतं, स्वच्छ कापड, नाळेचा चिमटा, पाती. ते वापरणारे हात तेवढे टेकडीवर निघाले होते.

रुपालीनं तिचा पदर धरला होता. चांगुणानं तो सोडवला आणि म्हणाली, "आलेच." हाच शब्द ती मागं एकदा म्हणाली होती.

अर्ध्या तासाची टेकडी ती वीस मिनिटांत चढली. गुडघे फुटले, एक चप्पल वाटेतच राहिली. धोंड्यावर उभी राहिली तसा फोन जागा झाला आणि टिणटिण करत मेसेज पडायला लागले. तिनं ते बघितलेही नाहीत. एकशे आठ लागला. गावाचं नाव, नड, महिना, सगळं तिनं एका दमात सांगितलं. पलीकडच्या बाईनं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की एक गाडी खिंडीजवळच रिकामी आहे, ती निघतेय, ड्रायव्हर रस्ता विचारायला दोन मिनिटांत फोन करील, लाइन मोकळी ठेवा. खिंडीच्या पुढं दोन रस्ते फुटतात, आणि चुकीचा धरला तर गाडी पार पलीकडच्या तळ्यावर निघते. म्हणून खाली पळता येईना. चांगुणा फोन छातीशी धरून उभी राहिली. खाली आपल्या घराचा पत्रा दिसत होता, पत्र्यावर रिकामा पाइप.

फोन वाजला. "हां दादा, खिंड लागली की डाव्या हाताला..." तिनं सुरुवात केली.

"मावशी, मी ओंकार," पलीकडून आवाज आला, हसरा, मोकळा. तो म्हणाला की अर्जावरचा तुमचा नंबर पंधरा दिवस झाले लावतोय, फोन बंदच. आत्ता मेसेज आला की चालू झाला, म्हणून लगेच लावला. आई वाचली मावशी, दोन महिने दवाखान्यात काढले, काल घरी आणली, तिला तुमच्याशी बोलायचंय. चांगुणा काही म्हणायच्या आत तो आवाज आला. तोच, जेवलास का विचारणारा. आता जरा धड झालेला. ती बाई सांगत होती की आत जाताना लेकाचा आवाज कानात होता म्हणून मी परत आले, तुमचे उपकार मी कुठं फेडू, तुमच्या घरात सगळं चांगलं होईल बघा, पाळणा हलेल. सावकाश बोलत होती, आजारातून उठलेलं माणूस बोलतं तशी. तिला मधेच कसं तोडायचं? चांगुणाला तोडता येईना. फोनमध्ये टूं टूं वाजायला लागलं, दुसरा फोन येत होता, तिला कळत होतं, आणि तरीही ती त्या बाईचं वाक्य संपायची वाट बघत राहिली. आग लागो असल्या स्वभावाला.

टूं टूं बंद झालं. तेव्हा ती भानावर आली.

"ताई, ठेवा," ती म्हणाली. "माझी सून खाली अडलीया. लाइन मोकळी करा."

बाई गडबडली, फोन पोराकडं गेला. त्याला काही कळलं नसावं. तो म्हणाला, "मावशी, टॉवर झाला असेल ना आता?"

चांगुणानं फोन कापला. ड्रायव्हरच्या नंबरावर उलटा फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लागला, तेव्हा गाडी खिंड ओलांडून तळ्याच्या रस्त्यानं चढावर, पुन्हा रेंजमध्ये, आलेली होती. तिनं ती माघारी वळवली, खाणाखुणा सांगितल्या आणि धोंड्यावरून उडी टाकली. उतार तिनं कसा उतरला ते तिलाही आठवत नाही. पुंजाराम अंगणात उभा होता. ती दिसल्यावर तो बाजूला झाला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

रंगुबाई उंबऱ्यात बसून स्वतःचे हात बघत होती. म्हणत होती, मी चोळली गं पाठ, पर मला दिसंना, तोंड कुठं हाय तेच दिसंना. आतमध्ये रुपाली भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली मुलगी, मूठभर, नीटनेटकी, निळी. चांगुणानं ती ओढून घेतली. नाक-तोंड पुसलं, पाठ चोळली, तळवे चोळले, तोंडाला तोंड लावून वारा घातला. ज्या हातांनी गावातली निळी पोरं रडवली होती, तेच हात होते. ती किती तरी वेळ चोळत होती. मग रुपालीनंच तिच्या हातातून लेकरू काढून घेतलं आणि पुन्हा गुंडाळलं.

खिंडीकडून गाडीचा भोंगा ऐकू यायला लागला. गाडी बरोबर रस्त्यानं येत होती.

रुपालीनं सासूकडं बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं.

"आत्याबाई, लागला का फोन?"

"लागला," चांगुणा म्हणाली.